दोन बोटं माया

इचलकरंजी,
२८ ऑक्टोबर

चि. प्रेरणा,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी शिव्या घे.

सख्ख्या आत्याला तू फोनवर ब्लॉक केलंस. चार दिवस मी समजत होते की कळंब्यात रेंज नसेल. शेवटी शेजारच्या मास्तरीणबाईंनी माझा फोन हातात घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि म्हणाल्या, "रुद्राणीताई, तुमच्या भाचीनं तुम्हाला बंद केलंय." त्या बाईसमोर माझं तोंड एवढंसं झालं. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र.

आणि माझा गुन्हा काय, तर दिवाळीत तुमच्या घरी मी चिवडा करायला घेतला. फडताळात मक्याच्या पोह्यांची सहा खोकी ओळीनं लावलेली दिसली. मला वाटलं, वहिनीनं फराळासाठी आणलीत. मी खानावळवाली बाई, कारखान्यातल्या दोन पाळ्यांची जेवणं रोज माझ्या हाताखालून जातात, सहा खोकी बघून मला दुसरं काय सुचणार? कढई ठेवली आणि एक खोकं फोडून तेलात टाकलं. चिवड्याचे पोहे तेलात पडले की फुलतात. हे मेले फुलायचं सोडून बघता बघता काळे झाले. घरभर धूर. तेवढ्यात तू आतून पळत आलीस आणि किंचाळलीस, "आत्या, ते माझं जेवण हाय!"

जेवण म्हणे! मग हळूहळू एकेक बाहेर आलं. सकाळी एक वाटी, रात्री एक वाटी, मधे दुपारी कशीबशी अर्धी भाकरी. खोक्यावर एक बाई कंबरेला टेप गुंडाळून हसतेय आणि खाली छापलंय, दोन आठवड्यांत एक माप कमी. म्हणून तू सबंध दिवाळीत करंजीचा तुकडा तोंडात घातला नाहीस. पाडव्याला तुझ्या आण्णानं धार काढून दुधाचा पेला तुझ्यापुढं धरला, तर तू तो हातानं बाजूला सारलास. माझा भाऊ बोलत नाही, म्हणजे त्याला काही वाटत नाही असं समजू नकोस. पेला घेऊन तो परत गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मी ओरडले, कबूल. त्यावर वहिनी म्हणते, "वन्सं, लग्नाची पोर हाय. जरा बारीक झाली तर बरंच की." तिलाही मी चार शब्द ऐकवले. तू खोलीत जाऊन दार लावून घेतलंस आणि मी संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

आता एकच विचारते. हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं? साखरपुड्यापर्यंत तू माझ्याकडं आलीस की शेंगाचटणीत तेल ओतून तीन भाकरी मोडायचीस. साखरपुडा झाला आणि घरात खोकी आली. मलकापूरच्या महानंदाबाई, तुझ्या होणाऱ्या सासूबाई, काही बोलल्या का? साखरपुड्यात त्यांनी तुझा दंड चाचपलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. बाजारात जनावर बघतात तसा.

तुझ्या लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा माझ्याकडं येऊन पडलाय. इचलकरंजीतली सगळी घरं मी करायचीत. तुझं उत्तर आल्याशिवाय त्यातली एकही दाराबाहेर जाणार नाही.

आशीर्वाद आहेतच, ते काही मी परत घेत नाही.

तुझी,
रुद्राणी आत्या


कळंबा,
२ नोव्हेंबर

आत्या,

तू समोर ओरडतेस, फोनवर ओरडतेस, आता पत्रातही ओरडलीस. पत्रातलं ओरडणं शेजाऱ्यांना ऐकू जात नाही, एवढ्याचसाठी उत्तर देतेय. ब्लॉक काढणार नाही.

पहिलं म्हणजे, ते चिवड्याचे पोहे नाहीत. ते दुधात घालून खायचं असतं. त्यात लोह आहे, जीवनसत्त्वं आहेत, सगळं खोक्यावर छापलंय. तू खोकं फोडण्याआधी एकदा वाचलं असतंस तर तेलही वाचलं असतं आणि तमाशाही.

दुसरं, मी काही मरत नाही. चष्म्याच्या दुकानात रोज आठ तास उभी राहते. राजारामपुरीत येऊन बघ, माझ्या वयाच्या किती मुली हेच करतात.

तिसरं सांगते आणि ते तुला झोंबणार आहे. तू वाढतेस, पण विचारत नाहीस. पानात हात आडवा धरला तरी हाताच्या बाजूनं भाकरी सरकवतेस. लहानपणापासून मी सगळ्यांची गुटगुटीत. शाळेच्या फोटोत मला कडेला उभी करायचे आणि तू तो फोटो बघून हसायचीस, गाल ओढायचीस. तुम्हाला ते कौतुक वाटायचं. मला कधी विचारलंत?

महानंदाबाई मला काही बोललेल्या नाहीत. त्यांचं नाव उगीच घेऊ नकोस.

आता तुला सांगायचं नव्हतं, पण आई फोनवर सांगेलच म्हणून मी सांगते. परवा मलकापूरहून लग्नाच्या साड्यांवरचे पाच ब्लाउज शिवून आले. पाचही मला होत नाहीत. हुक आणि काजं यांच्यामधे दोन बोटं अंतर राहतं. आपल्याकडून मापाचा ब्लाउज जातो आणि ते लोक त्यावरून शिवतात, ही पद्धत तुला माहीत आहे. आता ते कमी का झाले, कुणामुळं झाले, यात शिरू नकोस. लग्न एकवीस डिसेंबरला आहे. तोवर मी त्यात बसेन. त्यांना फोन करून "बसत नाहीत" म्हणण्यापेक्षा मला ते सोपं वाटतं.

मला पाहुण्यांत तमाशा नको. तू फक्त पत्रिका वाट.

प्रेरणा


इचलकरंजी,
६ नोव्हेंबर

प्रेरणा,

झोंबलं. तू लिहिलंस ते झोंबलं, आणि त्याचा विचार मी करीन, पण आज नाही. आज माझ्या डोक्यात ते पाच ब्लाउज आहेत.

मापाचा ब्लाउज आपल्याकडून गेला. म्हणजे माप त्यांच्याकडं होतं. माप हातात असताना पाचच्या पाच ब्लाउज दोन बोटं कमी होतात, ही टेलरची चूक नव्हे पोरी. एखादा बिघडला तर मी समजले असते. हे मुद्दाम केलंय. आधी दंड चाचपायचा, मग मापापेक्षा लहान शिवून पाठवायचं, म्हणजे पोरीनं काय ते समजून घ्यावं. तोंडानं एक शब्द बोलायला नको आणि मोठेपणा शाबूत. आणि तू त्यांना पाठीशी घालतेस! "कुणामुळं झाले यात शिरू नकोस" म्हणे. अजून उंबरा ओलांडला नाहीस आणि आत्तापासून त्यांच्या चुका पोटात घालायला लागलीस?

मला एक सांग, त्या ब्लाउजना आत माया किती सोडलीय? शिवणीच्या आत जादा कापड सोडतात ना, पुढं उसवून मोठं करायला, ते बघितलंस का? नसणारच. असल्या लोकांच्या शिवणीत कुठली आलीय माया! तरी बघ. असेल तर आजच उसव आणि ती खोकी म्हशींच्या आंबोणात घाल.

सोबत शेंगाचटणीचा डबा पाठवलाय, तुमच्या गल्लीतल्या कंडक्टरच्या हातून. तू हात आडवा धरलास तर या खेपेला मी सरकवायला तिथं नाही. खायची की नाही ते तू ठरव. पण खा गं.

मलकापूरला जायचं माझ्या मनात घोळतंय. दोन शब्द विचारून येते. माझी भाची काय त्यांच्या धान्याच्या दुकानातलं पोतं आहे, काठोकाठ भरलं म्हणून हलवून बसवायला?

आत्या


कळंबा,
१७ नोव्हेंबर

आत्या,

मलकापूरला जाऊ नकोस. पाया पडते तुझ्या. तू गेलीस तर सगळं विस्कटेल आणि तुला माहीत नाही काय विस्कटेल.

ब्लाउजना अस्तर आहे, आतली शिवण दिसत नाही. आणि मी उसवणार नाही. आई कात्री घेऊन आली होती, तिच्या हातातून मी कात्री काढून घेतली. आता हुक आणि काजं यांच्यात एकच बोट राहिलंय आत्या. एकच. इतकं झाल्यावर मी मागं फिरू?

दोन आठवड्यांचं ते केव्हाच संपलं. मी पुढं चालू ठेवलंय आणि दुपारची भाकरीही सोडलीय. दुधाचं मात्र जमेना. खोक्यावर पातळ दूध लिहिलंय. आपल्या म्हशींच्या दुधावरची साय दोनदा काढली तरी खाली उरतं ते दाटच. आण्णांना विचारलं, पातळ दूध कुठं मिळेल, तर ते माझ्याकडं बघतच राहिले. "माझ्या गोठ्यात पातळ दूध मागतीस व्हय?" एवढंच म्हणाले. म्हणून आता मी ते पाण्यात घालून खाते. चव नसते, पण पटकन संपतं.

तुला कुठूनतरी कळेलच म्हणून सांगते. शनिवारी दुकानात फ्रेमचा ट्रे उचलताना डोळ्यापुढं अंधारी आली. पडले नाही, बसले. ट्रे पडला. मालक गिऱ्हाइकाला "पावणं, जरा सरका" म्हणत पुढं आले, मला पंख्याखाली बसवलं आणि विचारलं, "पोरी, सकाळधरनं काय खाल्लंस का न्हाई? का उपास हाय?" मी म्हटलं, उपास आहे. "कसला गं?" तर मला काही सांगता येईना. सोमवार नाही, श्रावण नाही. सगळे बघत होते.

केस जरा जातात. पाळी पुढं गेलीय. हे आईला सांगू नकोस, तिला वाटतंय मी छान दिसायला लागलेय. लग्न झालं की मी सगळं खाईन. तुझी शपथ.

चटणी मिळाली. डब्याचं झाकण उघडून वास घेतला.

प्रेरणा


मलकापूर,
२१ नोव्हेंबर

विहीणबाई, शरणु शरणार्थ.

मी फोन केला तर तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहावं लागतंय. मला पत्रात गोड लिहिता येत नाही आणि आज तशी इच्छाही नाही.

काल आमच्या घरी मठाचे स्वामी प्रसादाला बसले होते. तुम्ही चप्पल न काढता सोप्यात आलात. मी "या, बसा" म्हणेपर्यंत तुम्ही पिशवीतून खोकं काढलंत आणि "हे घ्या, तुमच्या पोराला घाला" म्हणून सतरंजीवर आदळलंत. ते मक्याचे पोहे स्वामींच्या ताटापर्यंत उडाले. मी विचारलं, "काय झालंय ते सांगा तर." तुम्ही म्हणालात, "तुमी गप ऱ्हावा! पोरीला पाण्यात मका खायला लावून वर साळसूद बनताय व्हय?" आणि गेलात. पाणीसुद्धा घेतलं नाहीत. स्वामी हात धुऊन उठले. आमच्या घरात असं आजवर झालं नव्हतं. जावा, शेजारणी, दुकानातले हमाल, सगळ्यांनी ऐकलं. मी रात्रभर जळत होते, अजून जळते आहे.

आता माझं ऐका.

सोबतच्या पुडक्यात एक ब्लाउज आहे. हा तुमच्याकडून आलेला मापाचा ब्लाउज. आमच्या टेलरनं हातात घेतला आणि म्हणाला, "वैनी, ह्यो लग्नाच्या पोरीचा न्हवं, तिच्या धाकट्या भैनीचा असंल." साखरपुड्यात मी प्रेरणाच्या दंडाला हात लावला होता. तुम्ही डोळे वटारून बघत होतात तेही मला दिसलं होतं. तिच्या हातात भरायच्या बांगड्या आणि दंडावरचा वाकीचा जोड कितीचा लागेल, ते मी बघत होते. तो हात माझ्या ध्यानात होता. या बाहीत तो जाणार नाही हे मला टेलरच्या आधी कळलं.

म्हणून मी तुमच्या भाचीला फोन केला. विचारलं, बाळ, चुकून दुसरा आला काय? ती म्हणाली, "नाही आई, तोच माझा." दोनदा विचारलं, दोनदा तेच. लग्नाआधी मी तिला खोटं पाडायचं काय? मग टेलरला सांगितलं, शीव याच मापानं, पण अस्तराच्या आत दोन्ही अंगांना दोन दोन बोटं माया सोड. पाचही ब्लाउजना सोडलीय. पाठवताना चिठ्ठी लिहिणार होते, मग वाटलं, मुलीची आई बघेलच, प्रत्येक बाई बघतेच. तुमच्या घरात एकीलाही आतून बघावंसं वाटलं नाही, आणि चारचौघांत माझी शोभा करायला मात्र वेळ मिळाला.

लग्न मोडायचं असेल तर तसं स्पष्ट कळवा, मी साड्या परत मागणार नाही. पण त्याआधी त्या मुलीला जेवायला घाला. आणि ती माझ्याशी खोटं का बोलली, तिला कुणी काय म्हटलं, हे मला कळलं पाहिजे. आमच्यातल्या कुणी म्हटलं असेल तर मला नाव पाहिजे. तो कोणीही असो.

महानंदा


इचलकरंजी,
२४ नोव्हेंबर

प्रेरणा,

पुडकं उघडलं. ब्लाउज बघितला. आता मी कुणावर ओरडू?

खणाचा आहे, जांभळा, मोरपंखी काठाचा. बारावीच्या गॅदरिंगला मीच तुला शिवून घेतला होता. डाव्या काखेत तेव्हा तू उसवून ठेवलास आणि मी हातशिलाई घातली, ती जाड दोऱ्याची शिलाई अजून तशीच आहे. बारावीतल्या पोरीचा ब्लाउज तू सव्वीसाव्या वर्षी सासरी मापाला पाठवलास! कपाटाच्या तळातून शोधून काढला असशील. इस्त्री केली असशील. घडी घातली असशील. तेव्हा एकदाही तुझा हात थांबला नाही?

मी त्या बाईला काय काय बोलले तुला माहीत नाही. स्वामी जेवत होते तिथं मी बाजारातून विकत नेलेलं खोकं आदळलं. बाजारातलं जनावर काय, पोतं काय, सगळं मनात भरून गेले होते आणि ती बाई मात्र पोरीच्या दंडावर वाकी कितीची बसेल ते बघत होती. तू मला तोंडघशी पाडलंस. "यात शिरू नकोस" एवढं लिहिण्याऐवजी "आत्या, मीच लहान ब्लाउज पाठवला" एवढं एक वाक्य लिहिलं असतंस तर? मी तुझ्यावर ओरडले असते. ओरडून गप्प बसले असते. मला तेवढंच येतं.

मलकापूरला मी उद्याच जातेय. चप्पल दारात काढीन आणि माफी मागीन. ती माझी गोष्ट, ती मी निस्तरते.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही आणि मी तो लपवणारही नाही. पण खरं सांगू? तू पाण्यात घालून खातेस हे वाचल्यापासून मला खानावळीत वाढवेना. पंगतीत पोरं "मावशी, अजून एक" म्हणतात आणि माझा हात भाकरीवरच राहतो. पाळी पुढं गेलीय म्हणून लिहितेस आणि पुढच्याच ओळीत शपथ घालतेस. माझी शपथ घालू नकोस. मला भीती वाटतेय प्रेरणा, आणि भीती वाटली की मी ओरडते, माझं सगळं आयुष्य असंच गेलंय.

महानंदाबाईंना नाव पाहिजे. मलाही पाहिजे. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तू माझ्या ताटात जेवली होतीस. नंतर काय झालं? तू स्वतःच्या मनानं असली गोष्ट करणारी नव्हेस. कुणीतरी काहीतरी म्हटलंय. तू त्याला अजून झाकतेस, आणि तो कोण ते मला कळायला लागलंय, पण ते मी माझ्या तोंडानं म्हणणार नाही. तू म्हण.

पुडक्यातला खणाचा ब्लाउज परत पाठवत नाही. तो माझ्याकडं राहील.

आत्या


कळंबा,
२७ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी घरी एकटी होते. दोनदा वाचलं. मग पाचही ब्लाउज पलंगावर टाकले आणि आईची वाट न बघता कात्री घेतली.

अस्तर उसवलं. आत दोन बोटं माया होती. दोन्ही अंगांना. हिरव्या पैठणीवरच्या ब्लाउजला तर तीन. कापड तसंच, नवं कोरं, आत दुमडून ठेवलेलं. महिनाभर मी ते अंगावर चढवून आरशापुढं श्वास धरून उभी राहत होते आणि ते आतच होतं. मी खाली बसले आणि मोठ्यानं रडले, मग मला इतका राग आला की रडणं थांबलं.

आई आली. तिनं मशीन उघडली आणि शिवणी सरकवायला घेतल्या. आण्णा दारात उभे होते. मी त्यांना म्हटलं, "आण्णा, दूध द्या." ते म्हणाले, "पातळ न्हाई माझ्याकडं." मी म्हटलं, दाटच द्या. एक पेला प्यायले, पोटात कळ आली, अर्ध्या तासानं आणखी अर्धा प्यायले. उद्या आई मला डॉक्टरकडं नेतेय. पाळीचं तिला सांगितलं.

आता नाव.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी शिवशरणनं मला फोनवर आमच्या दोघांचा अंगठी घालतानाचा फोटो पाठवला, त्या टेपवाल्या बाईच्या खोक्याचा फोटो त्याला जोडून. खाली लिहिलं होतं, "फ्रेमच्या बाहेर चाललीयस. लग्नापर्यंत एवढं खा, मग बघ." पुढं हसण्याची सात-आठ तोंडं. पहिली दोन खोकीही त्यानंच पाठवली, घरच्या पत्त्यावर, वर रिबीन बांधून. आईला वाटलं, किती हौशी जावई.

त्याच दिवशी मलकापूरहून मापाचा ब्लाउज मागायला फोन आला. मी अंगातला द्यायला काढला आणि परत ठेवला. वाटलं, हा त्याच्या हातात पडला तर? तो बघेल, मित्रांना दाखवेल. म्हणून खणाचा शोधला. दोन आठवड्यांत एक माप तर कमी होणारच होतं, खोक्यावर लिहिलंच होतं.

मला तेव्हा त्याचा राग आला नाही आत्या. माझा आला. आता त्याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

काल त्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, चेष्टा केली की! एवढं मनावर काय घेतीस?" मी म्हटलं, "मनावर न्हाई, अंगावर घेतलं." मग म्हणाला, मित्रांनी टाकायला लावलं, मजेत. मग म्हणाला, पण फरक पडला ना चांगला? आत्या, हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

तसाच फोन मी महानंदाबाईंना लावला. आधी ब्लाउजची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुझी आत्या काल येऊन गेली, चप्पल दारात काढून. आता माफ्या पुरे. नाव सांग." मी सांगितलं.

मग मी त्यांना म्हटलं, माझ्याकडं चार खोकी उरलीत, ती मी कुरिअरनं तुमच्या मुलाच्या नावानं पाठवतेय. सकाळी एक वाटी, रात्री एक वाटी, दुपारी काही नाही. दोन आठवडे. दुकानातली पोती उचलायची, गिऱ्हाईक बघायचं, सगळं रोजच्यासारखं. ते करून त्यानं मला फोन करावा आणि मग सांगावं, चेष्टा होती का. तोवर मला त्याच्याशी बोलायचं नाही.

मला वाटलं, त्या चिडतील. मुलाची आई आहे शेवटी. त्यांनी एकच विचारलं, "दुधात का पाण्यात?"

मी म्हटलं, पाण्यात.

"बरं," म्हणाल्या, "वाटी मी माझ्या हातानं भरून देते."

रविवारी मी इचलकरंजीला येतेय. खपली गव्हाची गोड हुग्गी कर. मी सांगेन तेवढीच वाढायची, पण मी सांगेन. ब्लॉक काढलाय. ओरडायचं असलं तर मात्र पत्रातच ओरड, मला वाचायला आवडायला लागलंय.

आणि तुझ्याकडच्या पत्रिका अजून वाटू नकोस.

तुझी,
प्रेरणा